ग्रीन बिल्डिंगचं रेटिंग नक्की कशावर मिळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाकड, बाणेर, खराडी, कुठेही जा, होर्डिंगवर 'प्लॅटिनम रेटेड' नाहीतर 'ग्रीन होम्स' असं दिसतंच, आणि त्या शिक्क्यामागे काय तपासलं गेलंय हे सेल्स ऑफिसमधल्या माणसाला विचारलं तर तो ब्रोशर पुढे करतो. रेटिंगसाठी लागणारी गणितं आणि कागदपत्रं करणं हेच माझं काम आहे, त्यामुळे लोक जे प्रश्न सारखे विचारतात ते इथे एकत्र लिहून ठेवतेय. फ्लॅट घेणारे, सोसायटीच्या कमिटीवर असलेले आणि आर्किटेक्चरची मुलं, सगळ्यांना उपयोग व्हावा अशी इच्छा आहे. माझं म्हणणं आधीच सांगते, इमारत कशी बांधायचं ठरलं होतं ते रेटिंग सांगतं, ती आज कशी चालतेय ते मीटर सांगतो, आणि मला विचाराल तर मीटरला जास्त मान द्या.

ग्रीन बिल्डिंग म्हणजे तपासतात तरी काय?

नावं वेगळी असली तरी सगळ्या रेटिंगमध्ये खाती साधारण तीच असतात. जागा कशी निवडली, झाडं आणि वरची सुपीक माती राखली का, बस-मेट्रो चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, वीज किती लागणार, पाणी किती लागणार आणि सांडपाण्याचं काय करणार, बांधकामाला कोणतं मटेरियल वापरलं, कचरा कुठे जाणार, आणि आत राहणाऱ्याला उजेड, वारा, स्वच्छ हवा मिळणार का. प्रत्येक खात्यात काही गोष्टी सक्तीच्या असतात, त्या नसतील तर बाकी कितीही केलं तरी रेटिंग मिळत नाही, आणि उरलेल्या गोष्टींना पॉइंट असतात, त्या पॉइंटांची बेरीज करून सिल्व्हर-गोल्ड-प्लॅटिनम किंवा स्टार ठरतात.

लीड, आयजीबीसी, ग्रिहा, एज... एवढी नावं कशाला? फरक काय?

सगळ्यात जुनं ब्रीअम, ते ब्रिटनमध्ये १९९० साली आलं. त्यानंतर अमेरिकेत लीड आलं, १९९८ मध्ये. आपल्याकडे ही हवा खरी सुरू झाली ती हैदराबादमुळे, तिथल्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीला २००३ मध्ये लीड प्लॅटिनम मिळालं आणि अमेरिकेबाहेर हे मिळवणारी ती पहिली इमारत होती. आयजीबीसी म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, ही २००१ पासून सीआयआय या उद्योगांच्या संघटनेच्याच छत्राखाली चालते, मुख्यालय हैदराबादलाच. घरांसाठी, ऑफिससाठी, शाळांसाठी, मेट्रो स्टेशनसाठी अशी त्यांची वेगवेगळी रेटिंग आहेत. आपल्या मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनला त्यांचंच गोल्ड आहे.

ग्रिहा हे भारताचं राष्ट्रीय रेटिंग, टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राचं नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून तयार केलेलं, आणि २००७ मध्ये स्वीकारलेलं. मला व्यक्तिशः हे जास्त आवडतं कारण एसी नसलेली इमारत हे आपल्याकडचं वास्तव आहे हे त्यात पहिल्यापासून धरलेलं होतं, शिवाय त्यांची टीम साइटवर येऊन बघते. छोट्या बांधकामांसाठी त्यांचं स्वग्रिहा म्हणून हलकं व्हर्जन आहे. लीडमध्ये नव्या बांधकामासाठी कोणी साइटवर येत नाही, सगळं ऑनलाइन अपलोड केलेल्या कागदपत्रांवर तपासतात. एज हे जागतिक बँकेच्या गटातल्या आयएफसीचं, आणि सगळ्यात सुटसुटीत, वीज, पाणी आणि मटेरियल बनवताना गेलेली ऊर्जा या तिन्हींत प्रत्येकी किमान २०% बचत दाखवायची एवढंच. त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आर्किटेक्चरच्या मुलांनी घरी बसून आपल्याच बिल्डिंगवर चालवून बघावं, चार पुस्तकांत कळणार नाही एवढं एका दुपारी कळतं.

पॉइंट मोजतात कसे?

लीडची चौथी आवृत्ती घेऊ, कारण तिची विभागणी बघितली की भर कुठे आहे ते लगेच दिसतं. एकूण ११० पॉइंट. त्यातले ३३ ऊर्जेला, १६ जागा आणि वाहतुकीला, १६ आतल्या हवा-उजेडाला, १३ मटेरियलला, ११ पाण्याला, १० साइटला, बाकीचे किरकोळ. ४० ला सर्टिफाइड, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड आणि ८० ला प्लॅटिनम. ग्रिहाच्या २०१९ च्या आवृत्तीत ११ विभाग आणि ३० निकष आहेत, १०० पैकी २५ ला एक स्टार सुरू होतो आणि ८६ पासून पाच स्टार.

आता इथेच एक गोष्ट लक्षात घ्या. पाण्याला ११० पैकी फक्त ११, म्हणजे ज्या गावात उन्हाळ्यात टँकरच्या रांगा लागतात तिथलीही इमारत पाण्यात जेमतेम काम करून, बाकीकडे पॉइंट गोळा करून वरचं रेटिंग घेऊ शकते. हे बेकायदेशीर नाही, फसवणूकही नाही, पद्धतच तशी आहे. म्हणून नुसतं 'गोल्ड' ऐकून थांबू नका, स्कोअरकार्ड मागा, कुठल्या खात्यात किती मिळाले ते एका पानावर असतं.

'प्री-सर्टिफाइड' म्हणजे सर्टिफिकेट मिळालं ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. प्री-सर्टिफिकेशन हे ड्रॉइंगवर मिळतं, खोदकाम सुरू असताना, कधी कधी त्याच्याही आधी. बिल्डरने सांगितलं की मी अमुक काच लावणार, तमुक नळ बसवणार, एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचं, पाणी फ्लशला फिरवणार, आणि त्या सगळ्यावरून हिशोब केला तर गोल्ड होतंय, मग मिळालं प्री-सर्टिफाइड गोल्ड. फ्लॅट विकले जातात ते याच टप्प्यावर, त्यामुळे होर्डिंगवर जे दिसतं ते जवळजवळ नेहमी हेच असतं.

अंतिम सर्टिफिकेट बांधकाम झाल्यावर, प्रत्यक्ष काय लावलं त्याची बिलं, फोटो, टेस्ट रिपोर्ट दिल्यावर मिळतं. मधल्या तीन-चार वर्षांत किमती वाढतात, काचेचा स्पेक बदलतो, नळाचा ब्रँड बदलतो, पार्किंगची गरज वाढली म्हणून झाडांची जागा जाते. प्रामाणिक बिल्डर हिशोब पुन्हा करून घेतो. काही प्रोजेक्ट मात्र प्री-सर्टिफिकेटवरच थांबतात, फ्लॅट तर विकून झालेले असतात, मग पुढच्या फीचा आणि कागदपत्रांचा त्रास घ्यायला कोणी उरत नाही. तुम्ही ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र मागता ना, तसंच अंतिम रेटिंगचं पत्रही मागा.

३०% वीज बचत लिहिलेलं असतं, ती कशाच्या तुलनेत?

खूप चांगला प्रश्न आणि फार कमी लोक विचारतात. तुमच्या आधीच्या घराच्या तुलनेत नाही, शेजारच्या बिल्डिंगच्या तुलनेतही नाही. कॉम्प्युटरवर त्याच आकाराची, त्याच जागेवरची एक काल्पनिक इमारत उभी करतात, ती नियमातल्या किमान दर्जाची धरतात, तिला म्हणतात बेसलाइन. मग आपली खरी इमारत त्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकतात, वर्षाच्या ८,७६० तासांचं हवामान दोन्हींवरून फिरवतात आणि दोन्हींच्या विजेतला फरक म्हणजे बचत.

पद्धत शास्त्रीय आहे, पण तिच्यात दोन खाचा आहेत. एक, बेसलाइनच जर एसीवाली धरली असेल तर आपली इमारतही एसीवालीच राहून थोडी सुधारली की बचत दिसते. त्यामुळे चारी बाजूंनी काचेचं, एकही खिडकी न उघडणारं ऑफिस, भारी काच आणि भारी चिलर लावून ३०% बचत दाखवू शकतं, आणि तरीही चौरस मीटरला त्याची वीज साध्या, खिडक्या उघडणाऱ्या, पंख्यांवर चालणाऱ्या जुन्या सरकारी ऑफिसच्या कितीतरी पट असू शकते. टक्केवारीत ते दिसतच नाही. दुसरी खाच म्हणजे माणसं. मॉडेलमध्ये आपण लिहितो की संध्याकाळी सहाला दिवे बंद, एसी २४ वर, आणि प्रत्यक्षात रात्री अकरापर्यंत सगळा मजला १८ वर चालू असतो.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या संशोधकांनी २००९ मध्ये १०० लीड इमारतींच्या प्रत्यक्ष ऊर्जावापराचा अभ्यास छापला होता. सरासरी काढली तर या इमारती इतरांपेक्षा १८ ते ३९% कमी ऊर्जा वापरत होत्या, म्हणजे पद्धत कामाची आहे हे नक्की. पण त्यातल्याच २८ ते ३५% इमारती त्यांच्यासारख्या बिनरेटिंगच्या इमारतींपेक्षा जास्त ऊर्जा खात होत्या. हे दोन्ही आकडे एकत्र लक्षात ठेवा, नुसता पहिला सांगणाराही आणि नुसता दुसरा सांगणाराही अर्धंच सांगतोय.

मग प्रत्यक्ष वापर बघणारं काहीच नाही का?

आहे की. बीईई, म्हणजे तेच ज्यांचे स्टार आपल्या फ्रीजवर आणि एसीवर असतात, त्यांनी २००९ पासून ऑफिस इमारतींनाही स्टार द्यायला सुरुवात केली, आणि ते वर्षभराच्या खऱ्या बिलांवर. आकडा एकच, ईपीआय, म्हणजे वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट. समजा ५,००० चौरस मीटरचं ऑफिस आहे आणि वर्षाला ६ लाख युनिट लागतात, तर ईपीआय झाला १२०. मुंबईसारख्या दमट हवेच्या पट्ट्यात, निम्म्याहून जास्त भाग एसी असलेल्या ऑफिसला या योजनेच्या मूळ तक्त्याप्रमाणे १०० ते १२५ मध्ये चार स्टार आणि १०० च्या खाली पाच. कोणीही कॅल्क्युलेटर घेऊन दहा मिनिटांत काढू शकतं, आणि मला ही पद्धत फार प्रिय आहे कारण तिथे कोणालाही गोड बोलता येत नाही.

सोसायटीनेही हे करावं. कॉमन मीटरची बारा बिलं, म्हणजे लिफ्ट, पंप, एसटीपी, जिन्यातले दिवे, त्यांची बेरीज भागिले फ्लॅटची संख्या. दरवर्षी तोच आकडा नोटीस बोर्डवर लावायचा.

ग्रीन बिल्डिंग आहे तरी फ्लॅटमध्ये उकडतं, असं का?

बहुतेक वेळा भिंत आणि खिडकी. आजकाल टॉवर भराभर उभे राहतात ते मिवान पद्धतीने, ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसकट अख्खा मजला काँक्रीटचा ओततात. मजबूत असतं, वेगात होतं, फिनिश चांगलं येतं. पण १५० मिलिमीटरच्या काँक्रीटच्या भिंतीचं यू-मूल्य, म्हणजे भिंतीतून उष्णता किती आत येते त्याचं माप, ३.५ ते ३.८ च्या घरात जातं आणि २०० मिलिमीटर एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकच्या भिंतीचं ०.८ च्या आसपास. साडेचार पटीचा फरक! पश्चिमेची बेडरूम असेल तर रात्री बारा वाजता भिंतीला हात लावून बघा, कोमट लागते.

यासाठी बीईईनेच २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता आणली. तिच्यात आरईटीव्ही नावाचा एक आकडा आहे, भिंती आणि खिडक्या मिळून चौरस मीटरला सरासरी किती वॅट उष्णता आत घेतात त्याचा, आणि थंड प्रदेश सोडून सगळीकडे तो १५ च्या आत हवा. दुसरी अट वाऱ्याची. दमट हवेच्या पट्ट्यात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ कार्पेट एरियाच्या एक षष्ठांश हवं, म्हणजे ६० चौरस मीटरच्या फ्लॅटला १० चौरस मीटर. आता गंमत बघा, दोन पॅनलची स्लायडिंग खिडकी कितीही मोठी असली तरी उघडते निम्मीच, संहितेतही ती ५०% च धरतात, आणि बाहेर उघडणारी जुन्या पद्धतीची झडपांची खिडकी ९०% धरतात. आपल्या आजी-आजोबांच्या घरातल्या त्या लाकडी झडपा, वर छोटं झरोकं, पुढे छज्जा, हे सगळं या गणितात आजही पूर्ण मार्कांनी पास होतं. आणि त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही.

ही संहिता राज्याने आपल्या नियमांत घेतल्याशिवाय सक्तीची होत नाही, पण आर्किटेक्टला 'आरईटीव्ही किती आला?' असं विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. उत्तर आलं नाही तर हिशोब झालेलाच नाही असं समजा.

पाण्याचं काय बघतात? रेन वॉटर हार्वेस्टिंग असलं की झालं ना?

इथे मी थोडी भांडायला उभी राहते. आकडे मांडूनच सांगते. १०० फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर हा नेहमीचा हिशोब, म्हणजे रोज ५४,००० लिटर. गच्ची धरा १,००० चौरस मीटर. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर, म्हणजे ७ लाख लिटर, त्यातलं उडून-वाहून गेलेलं सोडलं तर ८०% हाती लागेल, ५ लाख ६० हजार. भागा ५४,००० ने. दहा दिवसांचं पाणी झालं. वर्षभराच्या पावसाचं!

आता दुसरी बाजू. त्या १३५ लिटरपैकी साधारण ४५ लिटर फ्लशला जातात. म्हणजे रोज १८,००० लिटर पिण्यालायक पाणी आपण संडासात ओततो, वर्षाला ६५ लाख लिटर. एसटीपीचं शुद्ध केलेलं पाणी फ्लशला फिरवलं तर हे सगळं वाचतं, गच्चीवरच्या पावसाच्या जवळजवळ बारा पट. हार्वेस्टिंगचा खड्डा करूच नका असं मी म्हणत नाहीये, बोअरला आधार मिळतो, रस्त्यावर पाणी तुंबत नाही, जरूर करा. पण रेटिंगमध्ये दोन्हींना साधारण सारख्या वजनाची टिकमार्क मिळते आणि लोकांना खड्डाच दिसतो, एसटीपी तळघरात असतो आणि तिथे कोणी उतरत नाही.

उतरा. मी कुठल्याही चालू इमारतीत गेले की आधी तिथेच जाते. तीन गोष्टी बघायच्या. ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, चालू आहे का, टाकीत बुडबुडे येताना दिसले पाहिजेत, आणि पाण्याला ओल्या मातीसारखा वास असेल तर ठीक, सडका वास आला तर हवा पुरत नाही. दुसरं, ट्रीटेड वॉटरच्या पंपाला मीटर आहे का आणि त्याची रोजची नोंद वहीत आहे का. तिसरं म्हणजे फ्लशच्या टाकीला जाणाऱ्या लाइनवर बोअरचं किंवा टँकरचं पाणी जोडणारा बायपास व्हॉल्व्ह, तो उघडा आहे की बंद. मला माहीत असलेल्या एका मोठ्या रेटेड सोसायटीत तो व्हॉल्व्ह कायमचा उघडा होता, हँडलवर गंज चढलेला, एसटीपीचं विजेचं बिल वाचवायला कमिटीने ब्लोअर रात्री बंद ठेवायला सुरुवात केली होती, मग पाणी शुद्ध करणारे जंतू मेले, वास सुटला, रहिवाशांनी तक्रारी केल्या म्हणून फ्लशला टँकर जोडला. टँकरचा खर्च ब्लोअरच्या विजेपेक्षा कितीतरी जास्त होता पण तो वेगळ्या हेडखाली जात होता म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. रेटिंगची पाटी गेटवर तशीच चकचकीत.

नळांचं सोपं आहे. साधा नळ मिनिटाला दहा-बारा लिटर सोडतो, एरेटर, म्हणजे नळाच्या तोंडाशी पाण्यात हवा मिसळणारी छोटी जाळी, लावला की तीन-चारवर येतो आणि हात धुताना फरक कळत नाही. किंमत शे-दोनशे रुपये.

मटेरियलमध्ये काय तपासतात?

सिमेंट आणि पोलाद हे मोठे गुन्हेगार. एक टन क्लिंकर, म्हणजे ज्याची भुकटी करून सिमेंट होतं तो माल, भाजायला जवळजवळ ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त चुनखडीतूनच येतो, म्हणजे भट्टीचं इंधन बदललं तरी तो राहतोच. म्हणून क्लिंकर कमी करणं हाच मार्ग. पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५% फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची राख, चालते, स्लॅग सिमेंटमध्ये तर ७०% पर्यंत स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी. रेटिंगमध्ये याला पॉइंट आहेत, तसंच जवळच्या मालाला, आयजीबीसी साधारण ४०० किलोमीटरच्या आतला माल स्थानिक धरते. कोकणात आणि गोव्यात चिरा, आपल्याकडे देशावर बेसॉल्ट, शहाबादी फरशी, हे असताना परदेशातून मार्बल आणून लॉबी सजवायची आणि नळांवर पॉइंट कमवायचे हे मला पटत नाही.

सोलर बसवलं की इमारत ग्रीन झाली?

नाही, सोलर शेवटी येतं. एक किलोवॅटला गच्चीवर साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाला १,४०० ते १,५०० युनिट मिळतात. वीस मजली टॉवरची गच्ची तेवढीच आणि माणसं मात्र वीस मजल्यांची, त्यामुळे तिथे सोलरवर जेमतेम लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे चालतात. आधी गरज कमी करायची, मग उरलेली सूर्यावर भागवायची. दिल्लीतलं इंदिरा पर्यावरण भवन बघा, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची इमारत, २०१४ मध्ये सुरू झाली. आधी मधला चौक, उजेड, सावली, कमी विजेची कूलिंग पद्धत असं सगळं करून गरज खाली आणली आणि मग ९३० किलोवॅटचं सोलर लावून वर्षाची वीज तिथेच तयार व्हावी असं डिझाइन केलं. ग्रिहाचे पाच स्टार आणि लीड प्लॅटिनम दोन्ही आहेत. पुण्यात हडपसरला सुझलॉनचं वन अर्थ कॅम्पस आहे, त्यालाही ही दोन्ही मिळाली, मजले कमी, अंगणं आणि पाणी मध्ये, बहुतेक टेबलांना दिवसाचा उजेड. आर्किटेक्चरच्या मुलांनी संधी मिळाली तर नक्की बघावं.

यात बिल्डरला काय मिळतं?

स्पष्ट सांगायचं तर एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, म्हणजे युडीसीपीआरमध्ये, ग्रिहा तीन स्टार किंवा सिल्व्हरला मूळ एफएसआयच्या ३%, चार स्टार किंवा गोल्डला ५%, आणि पाच स्टार किंवा प्लॅटिनमला ७% जादा मिळतो. मुंबई महापालिकेला हे नियम लागू नाहीत. १०,००० चौरस मीटरचा प्लॉट, मूळ एफएसआय १.१० धरा, ७% म्हणजे ७७० चौरस मीटर, साधारण ८,३०० स्क्वेअर फूट जादा बांधकाम, दहा-बारा फ्लॅट. पुण्याच्या भावात त्याची किंमत काय होते ते तुम्हीच काढा.

मला यात वाईट काही दिसत नाही, चांगल्या कामाला बक्षीस असावं. कबूल केलेलं रेटिंग शेवटी मिळालं नाही तर त्या जादा एफएसआयवर रेडीरेकनरच्या जमीन दराच्या दुप्पट दंड अशी तरतूदही त्याच नियमांत आहे. पण तपासणी भोगवट्यापाशी थांबते. त्यानंतर पाच वर्षांनी एसटीपी चालू आहे की नाही याच्याशी त्या ७% चा काही संबंध राहत नाही, आणि माझ्या मते नियमात सुधारणा हवी ती इथे.

फ्लॅटधारकालाही थोडं मिळतं. पिंपरी-चिंचवड महापालिकेने रेटिंग असलेल्या घरांना मिळकतकरात सवलत ठेवली होती, आत्ता किती आणि कशी ते करसंकलन विभागात विचारून घ्या, बऱ्याच जणांनी अर्जच केलेला नसतो.

जुनी सोसायटी पाडून तिथे प्लॅटिनम टॉवर बांधला तर पर्यावरणाला फायदाच ना?

लगेच हो म्हणू नका. जुन्या चार मजली इमारतीतलं सिमेंट, विटा, पोलाद यांचा कार्बन कधीच हवेत जाऊन बसलाय, तो परत येत नाही. ती पाडली की डेब्रिस तयार होतो आणि नव्या टॉवरसाठी, दोन-तीन पार्किंगच्या मजल्यांसकट, कैक पट काँक्रीट ओततात. हे ऋण पहिल्याच दिवशी डोक्यावर चढतं आणि विजेच्या बचतीतून फेडायला बरीच वर्षं लागतात. इमारत धोकादायक असेल, लिफ्ट नसल्याने म्हाताऱ्या माणसांचे हाल होत असतील तर पुनर्विकास करायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण तीस वर्षांची धडधाकट इमारत निव्वळ जादा एरियासाठी पाडायची आणि वर ग्रीन म्हणायचं, हे रेटिंगच्या गणितात बसतं कारण बहुतेक रेटिंग नवी इमारत प्लॉटवर उभी राहिल्यापासून मोजायला लागतात, त्याआधी तिथे काय उभं होतं याचा हिशोब फार हलका असतो.

सर्टिफिकेट कायमचं असतं का?

पद्धतीप्रमाणे बदलतं. ग्रिहाचं रेटिंग पाच वर्षं ग्राह्य असतं, मग नूतनीकरण. लीडचं नव्या बांधकामाचं सर्टिफिकेट संपत नाही, म्हणून पाटीवरचं साल बघा. चालू इमारतींसाठी लीड, आयजीबीसी आणि ग्रिहा तिघांचीही वेगळी रेटिंग आहेत, त्यात खरे मीटर रीडिंग मागतात. एखाद्या इमारतीकडे हे दुसरं रेटिंग असेल तर मी तिला मनापासून दाद देते, कारण ते कोणी विक्रीसाठी घेत नाही.

फ्लॅट बघायला गेल्यावर काय विचारू?

रेटिंग प्री आहे की अंतिम, कोणत्या आवृत्तीचं, आणि स्कोअरकार्ड दाखवा. फ्लशला वेगळी पाइपलाइन आहे का, हे बांधकाम चालू असताना डक्टमध्ये डोकावून स्वतः बघता येतं, दोन वेगळ्या लाइन दिसल्या पाहिजेत. पश्चिमेच्या भिंतीचं मटेरियल काय. खिडकी किती उघडते. ओला कचरा आवारातच जिरवण्याची सोय कुठे आहे, जागेवर नेऊन दाखवा म्हणा. आणि त्याच बिल्डरच्या पाच-सात वर्षं जुन्या प्रोजेक्टमध्ये जाऊन तिथल्या सेक्रेटरींना मेंटेनन्स आणि टँकरबद्दल विचारा, चहा पिता पिता सगळं कळतं.

रेटिंगचं आश्वासन दिलं आणि पाळलं नाही तर?

जाहिरात, ब्रोशर, ईमेल सगळं जपून ठेवा. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते. कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा सेवांमध्ये दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, त्यामुळे एसटीपी नीट चालत नसेल तर पाच वर्षं उलटायच्या आत लेखी कळवा, तोंडी सांगून उपयोग नाही. ॲग्रीमेंटमध्ये रेटिंगचा उल्लेख घालून घेता आला तर उत्तमच.

आमची साधी वीस वर्षं जुनी सोसायटी आहे, रेटिंग वगैरे परवडणार नाही. आम्ही काय करायचं?

रेटिंग घेऊच नका, हिशोब सुरू करा. पहिल्या महिन्यात फक्त तीन मीटर रोज वाचायचे, कॉमन वीज, महापालिकेचं पाणी आणि बोअर-टँकर. वॉचमनकडे वही द्या, सकाळी सातची वेळ ठरवा. महिन्याभरात गळती दिसायला लागते, रात्री सगळे झोपलेले असताना टाकीची पातळी उतरत असेल तर कुठेतरी फ्लश किंवा भूमिगत लाइन गळतेय. मग एरेटर, मग जिन्यात आणि पार्किंगमध्ये एलईडी आणि सेन्सर, मग गच्चीला पांढरा परावर्तक रंग, वरच्या मजल्यावरच्या लोकांना पहिल्याच मे महिन्यात फरक कळतो. ओल्या कचऱ्यासाठी खताचे पिंप, हवा खेळती ठेवली आणि कोरडा पालापाचोळा घातला की वास येत नाही. सोलर यानंतर, आणि त्यातही आधी गच्चीवर कुठल्या महिन्यात कुठल्या टाकीची सावली पडते ते बघून. वही सुरू केलीत आणि आकडे समजले नाहीत तर वर्षाची पानं घेऊन जवळच्या इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर कॉलेजमध्ये जा, मुलांना अशा खऱ्या नोंदी प्रोजेक्टसाठी हव्याच असतात.